अपाची धाकटी लेक

कोस्कुदुक, पावलोदारजवळ
१२ सप्टेंबर २००४

बाझारखान,

सलाम. जनावरं सुखरूप आहेत ना, माणसं सुखरूप आहेत ना? अपाचे, आपल्या आईचे, गुडघे कसे आहेत? तिला सांग, थोरल्याने पाय चेपल्यासारखं समजून घे.

आता कामाचं. बाहेरच्या देशांत राहिलेल्या कझाकांनी स्वेच्छेने मायदेशी परतावं म्हणून सरकारची योजना आहे, तिचा पुढच्या वर्षीचा कोटा जाहीर झालाय. आमच्या जिल्ह्याच्या वाट्याला थोडीच कुटुंबं आहेत. मी तुमच्या घराचं नाव देऊन टाकलं. तुला आधी विचारलं असतं तर तू बर्फ वितळेपर्यंत विचार करत बसला असतास, म्हणून विचारलं नाही.

मी मंगोलिया सोडून इकडे आलो तेव्हा कुणी चहालाही विचारलं नव्हतं. आता प्रवासखर्च देतात, घरासाठी पैसे देतात, मुलांना शाळा, अपाला पेन्शन. बदल्यात त्यांना फक्त कागद हवेत. जन्मदाखले, लग्नाचा दाखला, शाळेचे दाखले, छातीचे फोटो, पोलिसांचं पत्र, आणि प्रत्येकाचं भाषांतर करून त्यावर शिक्का. कचेरीतल्या तोल्किनबाई कडक आहेत, पण माणूस वाईट नाही. त्या म्हणाल्या, कागद पुरे असतील तर वसंतात बोलावणं निघेल.

सगळ्यांनी या. तू, रायखान, तुझे मुलगे, अपा, शुगिला. मी घराला पूर्वेकडे एक खोली काढतोय. लहानशी आहे, पण खिडकी मोठी ठेवलीय.

शुगिलाची उंची किती झाली? इथल्या शाळेत गणवेश असतो म्हणून विचारतोय. पायाचं मापही कळव. तिला गणित जमतं का? इथल्या गणिताच्या बाई चांगल्या आहेत.

कुल्झिपा बरी आहे. सगळ्यांना सलाम सांगते.

तिलेउखान

*

तासबुलाक, बायान-ओल्गी
२८ ऑक्टोबर २००४

दादा,

सलाम. माणसं सुखरूप. जनावरांतला एक याक लांडग्यांनी नेला, बाकीची आहेत. तुमचं पत्र दोन्हीकडे ये-जा करणाऱ्या काबी ड्रायव्हरने हाती दिलं आणि तेव्हापासून मला घरात पाठ टेकायला मिळालेली नाही.

तुम्ही मला न विचारता माझं नाव दिलंत. माझ्या लग्नातही असंच केलं होतंत, पण तिथे निदान निकाल चांगला लागला.

तीनदा ओल्गीला जाऊन आलो. छातीचे फोटो काढायचं यंत्र चालू होतं तेव्हा फिल्म नव्हती. फिल्म आली तेव्हा यंत्र चालवणारा मेव्हण्याच्या लग्नाला गेला होता. भाषांतर करणारा आधी शिक्का मागतो, आणि शिक्का मारणारा आधी भाषांतर मागतो. दोघं एकाच जिन्यात समोरासमोर बसतात. मी मध्ये उभा राहून म्हणालो, तुम्ही दोघंच आपसात ठरवा, मी खाली चहा पिऊन येतो. परत आलो तर दोघंही चहाला गेले होते.

अपाच्या नावावर काही गुन्हा नाही, असं पोलिसांचं पत्र लागतं म्हणे. ठाण्यातल्या तरुण शिपायाने तिला विचारलं, आजी, कधी तुरुंगात होता का? अपा म्हणाली, "लग्न झाल्यावर सात वर्षं सासूच्या हाताखाली होते. ती धरतोस का?" त्याने ती धरली नाहीत. मग फोटो. फोटोत कान दिसले पाहिजेत. दादा, अपाच्या पांढऱ्या शिरोवस्त्राखालचे कान मी तिचा मुलगा असून पाहिलेले नाहीत. फोटोवाल्याला तिने असं काही सुनावलं की त्याने स्वतःची टोपी खाली ओढून घेतली.

मी एवढी वणवण का करतोय, मलाच कळत नाही. मला यायचं नाही. मी धाकटा. आईबापांची चूल धाकट्याने राखायची, म्हणून घर माझ्याकडे आलं आणि तुम्ही मोकळे झालात. शुक्रवारी नमाज झाला की मी वडिलांच्या कबरीवरून येतो. पावलोदारहून कसा येऊ? शिवाय काबी सांगतो की तिकडे तुम्हाला अजूनही मंगोल म्हणतात. इकडे आपण कझाक आणि तिकडे मंगोल, तर मग मधल्या रशियात उतरून राहावं की काय?

आणखी एक. तुम्ही शुगिलाची उंची विचारलीत, पायाचं माप विचारलंत, गणित विचारलंत. माझ्या मुलग्यांनाही पाय आहेत. तुमच्या लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर ती जन्मली, आणि पहिलं नातवंड आजीचं म्हणून तुम्ही आणि वहिनींनी ती अपाच्या मांडीवर ठेवलीत. गावजेवण झालं. तेव्हापासून ती अपाची लेक आणि आपली बहीण. हे मी का लिहितोय? तुम्हाला ठाऊक आहे म्हणूनच लिहितोय.

उंची माझ्या खांद्याएवढी. गणित जमतं.

बाझारखान

*

कोस्कुदुक
१७ जानेवारी २००५

बाझारखान,

सलाम. कागदांचं पुडकं मिळालं. अल्ला तुला बळ देवो. आता शांतपणे वाच, आणि वाचता वाचता ओरडू नकोस.

फाइल अडली आहे. तोल्किनबाई एकेक कागद बाजूला ठेवत होत्या, मी मनात दुवा करत होतो. शुगिलाच्या जन्मदाखल्यापाशी त्या थांबल्या. बोटांवर काही मोजलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना बोलावून दाखवलं. मग मला विचारलं, तुमच्या आईला त्रेसष्टाव्या वर्षी मुलगी झाली का? मी म्हणालो, कागदावर तसं आहे. त्या म्हणाल्या, कागदावरचं मलाही वाचता येतं. मी त्यांना समजावलं की आमच्याकडे पहिलं नातवंड आजीआजोबांचं असतं, वडील नुकतेच वारले होते, अपाची मांडी रिकामी झाली होती, म्हणून दाखल्यावर तिचंच नाव घातलं. त्या काळी आमच्या गावात कुणीच वेगळं केलं नसतं. बाई, तुम्हीही कझाक आहात, तुम्हाला मी काय सांगायचं?

"मी कझाक आहे हो," त्या म्हणाल्या. "हा संगणक कझाक नाही."

हसल्या आणि लगेच रागावल्या. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे दोन वाटा आहेत. एक, अपाच्या बाळंतपणाबद्दल डॉक्टरचा दाखला. तो कसा मिळणार ते तूच सांग. दुसरी, अपाने ओल्गीच्या कोर्टात लिहून द्यायचं की ही मुलगी माझी नाही. मग दाखला बदलतो, त्यावर आमची दोघांची नावं येतात, आणि आईबापांकडे यायला मुलीला कोट्यात नंबर लावावा लागत नाही.

म्हणजे तसं पाहिलं तर फक्त एक सही आहे. अपा लिहीत नाही, पण अंगठा चालतो, मी विचारून घेतलंय. तुम्हाला एवढ्यात निघायचं नसेल तर नका निघू, पुढच्या वर्षीचा कोटा आहेच. शुगिला आधी आली तरी हरकत नाही. काबी तिला सुखरूप आणेल. शाळेचं वर्ष बुडायला नको, एवढंच माझं म्हणणं.

अपाला हे नीट समजाव. घाईने नको.

तिलेउखान

*

तासबुलाक
२० फेब्रुवारी २००५

दादा,

वाचता वाचता ओरडलो नाही. वाचून झाल्यावर बाहेर गेलो, मेंढ्यांना चारा घातला, तिथे ओरडलो.

आता कळलं सरकार कशाला हवंय. तुम्हाला आम्हाला आणायचंच नव्हतं. घरभराची दावण ओढायची म्हणजे त्यातली एक आपोआप येते. आणि दावण जड झाल्याबरोबर तुम्ही बाकीच्यांना सोडूनही दिलंत. पुढच्या वर्षीचा कोटा आहेच! मी तीन महिने जिने चढलो ते कशासाठी? माझ्या छातीचा फोटो तरी परत पाठवा, घरात लावतो.

दिलेलं मूल परत मागत नाहीत. हे मी तुम्हाला शिकवायचं? मागायचंच असेल तर इथे या. अपासमोर गुडघे टेकून बसा आणि स्वतःच्या तोंडाने मागा. ती देईल किंवा चहाचा वाडगा फेकून मारेल, पण ते आईलेकरांतलं होईल. तुम्ही स्वतः मागत नाही. तुम्हाला तिच्याकडून लिहून हवंय की मुलगी माझी नाही. म्हणजे तुम्ही काही घेतलंच नाहीत, तिच्याकडे काही नव्हतंच, आणि सगळं कोर्टाने केलं.

तुमचं पत्र मी अपाला गाळून वाचलं. कोटा, कागद, थंडी, सलाम. ती कोळशांकडे बघत ऐकत होती. झाल्यावर म्हणाली, तिलेउखानची पत्रं हल्ली लहान झाली. मी म्हणालो, हो.

शुगिला शेजारी बसून लोकर पिंजत होती. तिने माझ्याकडे पाहिलं. तिला वाचता येतं, दादा. इथून पुढे पत्रं काबीच्याच हाती द्या, पोस्टाने पाठवू नका. पोस्टातून ती आणते.

बाझारखान

*

कोस्कुदुक
१९ मार्च २००५

हसऱ्या भावजींना सलाम.

सून म्हणून तुमच्या घरात आले तेव्हा तुम्ही शाळेत होता. सासरच्या माणसांची नावं घ्यायची नाहीत म्हणून मी तुम्हाला हे नाव दिलं. ते आता कितपत शोभतं कोण जाणे. मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. आज यांना न सांगता लिहितेय. तुमचं पत्र यांनी घडी करून खिशात ठेवलं आणि दोन दिवस जेवले नाहीत. मग मी ते खिशातून काढून वाचलं.

मी कंटाळलेय, भावजी. दर सोमवारी हे त्या कचेरीत जाऊन बसतात. तिथला पहारेकरी यांना नावाने हाक मारतो. छप्पर गळतंय ते दुरुस्त करत नाहीत, आणि नव्या खोलीच्या खिडकीला तिसऱ्यांदा रंग दिला. मी विचारलं, हे सगळं कुणासाठी चाललंय? तर म्हणतात, भावासाठी. माझ्याशीसुद्धा तेच बोलतात. एका घरात राहून दोघं जण एक नाव घेत नाही, आणि सासऱ्याचं नाव न घेण्यापेक्षा हे फार अवघड आहे.

मी तिला कुणाच्या सांगण्यावरून दिलं नाही. अपा धाय मोकलून रडत होत्या, मामंजींच्या जागेवर कुणी बसेना. मी स्वतः उठले आणि तिला त्यांच्या मांडीवर ठेवलं. मला वाटलं, मी तरुण आहे, मला आणखी होतील. पुढच्या वर्षी आम्ही इकडे आलो. झाली नाहीत. अल्लाची मर्जी. त्यात अपांचा काय दोष?

तुम्ही कोर्टाचा कागद होऊ देऊ नका. मुलगी माझी नाही, असं अपांच्या तोंडून वदवून तिला आणली, तर मी तिच्या केसांना तेल कुठल्या हाताने लावू? ती विचारील, अपा असं म्हणाली का? मी काय सांगू?

मला ती परत नको. मला ती बघायची आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत ती नऊ वर्षांची आहे, आणि दुसरा फोटो यांनी मागितला नाही, कारण मागितला तर कळेल म्हणे. काय कळेल? कुणाला कळायचं राहिलंय?

यांच्यावर रागावू नका. हे मनाने वाईट नाहीत, यांना मागता येत नाही एवढंच. तुमच्या घरच्या पुरुषांना कुणालाच येत नाही.

तुमची वहिनी

*

तासबुलाक
९ मे २००५

दादा,

सलाम. बर्फ गेलं. करडं झाली, बहुतेक जगली.

वहिनींचं पत्र आलं होतं. त्यांच्यावर डोळे वटारायचे नाहीत. त्यांचं आणि तुमचं, दोन्ही पत्रं मी अपाला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवली. तुमच्यावर रागावलेला मी, आणि गाळून वाचणाराही मी, याची मला लाज वाटली.

तिने सगळं ऐकलं. मला वाटलं रडेल. तिने विचारलं ते असं: त्या दाखल्यावर काय लिहिलंय, की शुगिला माझी मुलगी? मी म्हणालो, हो. शिक्का आहे? आहे. सरकारचा? सरकारचा. मग अडलं कुठे? मी वयाचं सांगितलं. ती म्हणाली, डॉक्टरांकडे चल.

ओल्गीचे म्हातारे डॉक्टर तुम्हाला आठवत असतील, वडिलांना शेवटी त्यांनीच पाहिलं होतं. अपा त्यांच्यापुढे बसली आणि म्हणाली, माझ्या धाकटीच्या जन्माचा दाखला दे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. मग त्यांनी लिहिलं की मूल घरी जन्मलं, घर अर्जदार बाईंचं, जन्मल्यापासून मूल त्यांच्याच मांडीवर वाढलं, दोघींची प्रकृती उत्तम. मला म्हणाले, यात एक शब्द खोटा असेल तर दाखव. नव्हता. शिक्का मारला आणि अपाला विचारलं, गुडघे कसे आहेत?

परतताना गाडीत तिने मला पुढचं सांगितलं. तुझं नाव काढ, तुझ्या बायकोमुलांची काढ. अर्ज मी करते. माझा आणि माझ्या मुलीचा. दोघीच.

दादा, मी गाडी थांबवली. रस्त्यात याक बसले होते, पण ते निमित्त. मी तिला म्हणालो, अपा, मी धाकटा आहे. तू माझ्या घरात म्हातारी झालीस, माझ्या घरातच राहायचं. लोक मला काय म्हणतील? धाकट्याने आईला या वयात सरकारी गाडीत बसवून दिलं? माझ्या चुलीशी तू नसलीस तर ती चूल कसली?

ती म्हणाली, "तू धाकटा होतास. आता धाकटी ती आहे."

याक उठून गेले तरी मी गाडी सुरू केली नव्हती. रीत तिची खरी आहे, आईने शेवटच्या लेकराजवळ राहायचं. मी तिच्याशी कशाच्या आधारावर भांडू? चाळीस वर्षं मी त्याच रीतीवर बसून होतो.

संध्याकाळी दूध काढताना तिने शुगिलाला विचारलं, आपण कझाकस्तानात जाऊ या का? मुलीने विचारलं, तू येणार? अपा म्हणाली, मीच नेणार. मुलगी म्हणाली, मग मला का विचारतेस, आणि बादली उचलून घरात गेली.

कोर्टाचा कागद होणार नाही. नवी फाइल काबीकडे दिलीय. फोटोत एक कान दिसतो. एकच. तेवढ्यावर तिने तडजोड केली.

बाझारखान

*

कोस्कुदुक
३ ऑगस्ट २००५

बाझारखान,

सलाम. काय लिहू ते सुचत नाही, म्हणून झालं तसं लिहितो.

तोल्किनबाईंनी डॉक्टरांचा दाखला दोनदा वाचला. म्हणाल्या, यात कोण बाळंत झालं ते नाही. मी म्हणालो, नियमात बाळंतपणाबद्दल डॉक्टरांचा दाखला मागितलाय, तो हा. त्यांनी नियमाचं पुस्तक काढलं, वाचलं, मिटलं. म्हणाल्या, या वर्षी माझ्याकडे दोन प्राध्यापक आणि एक इंजिनियर आलेत, एकाचीही फाइल पुरी नाही. तुमच्या आईची फाइल पुरी आहे. कुटुंबप्रमुख एक, अपत्य एक. असं सरळ कुटुंब माझ्याकडे कधी आलं नव्हतं. आणि शिक्का मारला. मी त्यांचा हात हातात घेतला तर म्हणाल्या, थांबा, अजून ऐका.

आमच्या जिल्ह्याचा कोटा जूनमध्येच संपला. अपाचं कुटुंब कारागांदाच्या पलीकडच्या जिल्ह्यात टाकलंय. इथून गाडीने पूर्ण एक दिवस. घर तिथे, पेन्शन तिथे, शाळा तिथे. काही वर्षं तिथेच राहायचं, नाहीतर मिळालेली सगळी मदत परत करायची. मी म्हणालो, अहो, मी इथे आहे, थोरला मुलगा, खोली बांधून तयार आहे. त्या म्हणाल्या, तुम्ही योजनेत कुठे आहात?

वर्षभर मी त्या बाकावर बसलो. पहारेकऱ्याच्या मुलीच्या बारशाला जाऊन आलो. आणि योजनेत मी कुठेच नाही.

तू अपाला सांग, कागदावर तिकडचं घर घेऊ दे, राहायला इकडे ये म्हणावं. तपासणीला कोणी आलंच तर बघता येईल.

कुल्झिपाने मला तिचं पत्र सांगितलं. तू मागे लिहिलंस ते बरोबर होतं, की मी येऊन मागायला हवं होतं. मला भीती वाटली, अपा हो म्हणेल याची. मग मी तिच्याकडे परत कसं पाहिलं असतं?

तिलेउखान

*

तासबुलाक
२४ सप्टेंबर २००५

दादा,

हे पत्र काबीच्या हाती, आणि अपा त्याच्या शेजारच्या सीटवर. सरहद्दीवर तिला थांबवून ठेवलं तर तिला चहा मीठ घालून द्यायला त्याला सांगितलंय.

तुमचा निरोप मी सांगितला. तिचं उत्तर शब्दाला शब्द लिहितो. "मी कुटुंबप्रमुख आहे, तसं लिहिलंय. मी माझ्या घरात राहीन. तपासणीवाल्यांपासून लपून राहायला मी काय मेंढ्या पळवून आणल्यात? ज्याला माझ्याजवळ यायचं त्याने यावं, दार उघडं असेल."

काल ती वडिलांच्या कबरीवर गेली. मला खाली थांबायला सांगितलं. बराच वेळ बोलत होती, वाऱ्यामुळे मला ऐकू आलं नाही. उतरताना म्हणाली, त्याला सांगून आले, तो काही बोलला नाही, जिवंतपणीही बोलत नसे.

रायखानने प्रवासाला कणकेचे गोळे तळले, तेव्हापासून रडतेय. मी ठीक आहे. चूल पेटती आहे. सकाळी सवयीने पहिला वाडगा तिच्या जागेसमोर ठेवला आणि मग स्वतःच प्यायलो.

शुगिलाने पेटीत काय भरलंय ते बघू देत नाही. तिला थंडीची टोपी घालायला सांगा. माझं ऐकत नाही, मी आता परदेशातला.

बाझारखान

*

२० नोव्हेंबर २००५

प्रिय धाकल्या दादांना सलाम.

जनावरं सुखरूप आहेत का, माणसं सुखरूप आहेत का? माझ्या काळ्या शेळीला विकू नका.

अपा म्हणते, सगळं चांगलं आहे असं लिही. सगळं चांगलं नाही. घरात दोन खोल्या आहेत, आणि नळ आहे पण पाणी मंगळवारी येतं. मुलं मला मंगोल म्हणतात. मी त्यांच्यापेक्षा गणित लवकर सोडवते, त्यामुळे आता हळू म्हणतात.

थोरले दादा आणि वहिनी आम्ही आल्यावर दहाबारा दिवसांनी आले. ट्रकमध्ये गाय, दोन गाद्या आणि एक खिडकी होती. खिडकी का आणली असं अपाने विचारलं, तर दादा म्हणाले, चांगली खिडकी आहे. ते तिकडचं घर कुलूप लावून आलेत. आता इथे राहायचं तर त्यांना इथल्या कचेरीत नाव नोंदवावं लागतं, म्हणून ते रोज तिथे जाऊन बसतात. इथेही एक बाई आहेत. त्यांनी विचारलं, तुम्हाला कोट्यात घेतलेलं नाही, काम नाही, मग इथे आलात कसे? दादा म्हणाले, स्वेच्छेने. बाई म्हणाल्या, त्याचा अर्ज वेगळा असतो.

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा अपा इतकी हसली की तिला ठसका लागला. मग दादाही हसले. मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. रात्री अपाने त्यांना गुडघ्यांना तेल लावायला बसवलं. ते चोळत होते आणि ती त्यांना रागावत होती, की एवढा मोठा झालास तरी हात हलका नाही. त्यांनी हात काढला नाही.

शाळेत माझं नाव घालायला वहिनी आली होती. तिथल्या बाईंनी विचारलं, तुम्ही आई का? मी वहिनीकडे बघितलं नाही, भिंतीवरचा नकाशा बघितला. वहिनी म्हणाली, "आई घरी आहे. तिचे पाय दुखतात म्हणून मला पाठवलं. मी वहिनी." आणि सही केली.

बाहेर आल्यावर तिने माझा हात धरला. मी तेरा संपून चौदाव्यात आहे, दादा, इथे कुणी मोठ्या मुलीचा हात धरून चालत नाही. वर्गातली मुलं बघत होती. बाजार आला, पूल आला, ती धरूनच. थंडी होती तरी हाताला घाम आला. मी सोडवला नाही.

दादा, तुम्ही मला लहान समजता, पण पोस्टातली पत्रं मीच आणत होते. वाफेवर धरलं की ती उघडतात. मला सगळं ठाऊक आहे, दाखल्याच्या आधीपासून ठाऊक आहे. पण हे इथे कुणालाही लिहू नका. अपाला तर मुळीच नको. तिघांनी मिळून एवढे कागद जमवलेत.

तुमची बहीण,
शुगिला